भट्टीत भाजलेले हात

३ फेब्रुवारी

प्रिय शिडी,

दवाखान्यातला आपला वॉर्ड काल पाडला. तुला ओळखणारी माझ्याशिवाय इथे आता कुणी उरली नाही, तेव्हा ही बातमी मीच द्यायला हवी. फोन करता आला असता, पण फोनवर तू "बरी आहे गं" म्हणून मोकळी होतेस. पत्रात खोटं बोलायला निदान शाई तरी खर्च होते.

मला वाटलं होतं एवढ्या जाड भिंती, आठवडा तरी टिकाव धरतील. दुपारच्या चहापर्यंत आडव्या! मी चपला बनवायच्या खात्यातून उठून बघायला गेले. खिडकीपाशी तुझी खाट, भिंतीला माझी, मधे ते लंगडं स्टूल. छप्पर गेल्यावर जागा एवढीशी दिसली गं. त्या एवढ्याशा जागेत आपण इतक्या बायका राहिलो, आणि भांडायलाही जागा कमी पडली नाही.

माझी पहिली सकाळ आठवते? मी पांघरूण झटकत होते. तू विचारलंस, "काय हरवलं?" मी म्हटलं, "बोटं." आत्याने घरून निघताना सांगितलं होतं की या रोगात बोटं झोपेत गळून पडतात. मला खरंच वाटलं, अंथरुणात एखादं सापडेल. तू हसली नाहीस. खाली वाकून खाटेखालीही बघितलंस आणि म्हणालीस, "इथेही नाही. म्हणजे हातालाच असतील." मग सिस्टरने समजावलं, की बोटं गळत नाहीत. शिरा बधिर झाल्या की भाजलेलं, कापलेलं कळत नाही. जखम आत उतरते, हाडाला लागते आणि हाडच झिजून आखूड होतं. "रोग गोळ्यांनी जाईल," ती म्हणाली होती, "पण हाडं तुमची तुम्हाला सांभाळायची आहेत."

म्हणून तर तो संध्याकाळचा कार्यक्रम. तुझे पाय माझ्या मांडीवर, माझे तुझ्या. दुखतच नाही तर बघूनच कळणार ना! तू माझ्या तळव्याचा एकेक इंच असा बघायचीस, जणू तांदूळ निवडते आहेस. तू ताडमाड उंच म्हणून मी तुला शिडी म्हणायचे, आणि मी डोळे मिटू शकत नाही म्हणून तू माझं नाव बाहुली ठेवलंस. लाकडाची बाहुलीसुद्धा तुझ्यापेक्षा कमी घोरते, असंही म्हणायचीस.

तुझे पाय आता कोण बघतं? भावोजी बघतात ना अजून?

तुझी,
बाहुली


२० फेब्रुवारी

प्रिय बाहुली,

तुझं पत्र काउंटरवर बसून वाचलं आणि एका गिऱ्हाइकाला पावाऐवजी बिस्किटं बांधून दिली. वॉर्ड पाडला हे वाचून वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचं हसूही आलं. तिथून कधी एकदा सुटते असं झालं होतं मला.

बेकरी छान चाललीय. पहाटेची भट्टी आता मुलगा सांभाळतो. सूनबाईला दिवस गेलेत, सहावा लागलाय. ती मला वजन उचलू देत नाही आणि मी तिला, त्यामुळे पिठाचं पोतं दोघींच्या मधे तसंच पडून राहतं.

हे अजून पाय बघतात. दुपारी भट्टी निवली की मला स्टुलावर बसवतात, स्वतः खाली बसतात आणि पाय मांडीवर घेतात. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकवलेला नाही. तुला आठवतं, आपल्याकडे पाव द्यायला येणारे सगळे फाटकापाशी टोपली ठेवून पळायचे, आणि हा एकटा आत येऊन हातात द्यायचा? तू म्हणाली होतीस, "शिडी, याला एकतर अक्कल नाही, नाहीतर तुझ्यावर नजर आहे." दोन्ही खरं निघालं. हल्ली म्हातारपण जाणवतं त्यांना. परवा पिठात साखरेच्या जागी मीठ घातलं. सगळा घाणा वाया! आम्ही हसलो.

माझ्या हातांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. उजव्या हाताची दोन बोटं आणखी थोडी आखूड झालीत. कुणी विचारलं तर उत्तर तेच, जुनं: "भट्टीत भाजलं." बेकरीवालीला हे बरं असतं बघ. हातांवर कुणी शंका घेत नाही. मुलगासुद्धा लहानपणापासून तेच ऐकत आला आणि मित्रांना अभिमानाने सांगायचा, माझी आई आगीला भीत नाही.

एक काम होतं. तुझ्या खात्यातली मऊ रबराची चप्पल पाठवशील? उजवी नेहमीच्या मापाची. डावी जरा मोठी चालेल. थोडं खरचटलंय, पट्टी बसायला हवी. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी,
शिडी


२ मार्च

शिडे,

मी आयुष्यभर चपला कापते आहे. "डावी जरा मोठी" याचा अर्थ मला कळत नाही असं वाटलं तुला?

किती दिवसांचं खरचटलंय? अंगठ्याच्या मुळाशी आहे का? मोजा ओला होतो का? वास येतो का? घोटा सुजलाय का, हात लावून बघ. तुझा हात नको, तुझ्या हाताला ऊन-गार कळत नाही. सूनबाईचा हात लाव. आणि भावोजी रोज बघतात तर मग ते काय म्हणतात?

चप्पल तयार आहे. पोस्टाने पाठवणार नाही. इथे येऊन घालून बघ. नवीन डॉक्टर हाडांचे आहेत, हात हलका आहे. फोटो काढतील, आठ-दहा दिवस झोपवून ठेवतील, मी डोकं खाईन. एवढंच.

ये.

बाहुली


१८ मार्च

प्रिय बाहुली,

रागावू नकोस. मी येणार नाही, आणि का ते नीट सांगते.

सूनबाईला सातवा लागलाय. अशात मी "दवाखान्यात जाते" म्हटलं की मुलगा विचारणार, कुठला दवाखाना? मग हात कसे भाजले, कधी भाजले, सगळी गोधडी उसवायची. सूनबाईची आई रोज येते. तिच्या कानावर गेलं तर पोरीला बाळंतपणाला घेऊन जाईल आणि बाळाला माझ्या हातात देणार नाही. गिऱ्हाइकांचं तर सोडूनच दे. माझ्या हाताचा पाव कोण घेईल? मी त्यांना दोष देणार नाही. आपल्या स्वतःच्या घरच्यांनी काय केलं होतं?

तू विचारलंस म्हणून सांगते, हे म्हणतात पाय स्वच्छ आहे.

मागच्या आठवड्यात जखमेतून एक बारीकसा पांढरा कपचा निघाला. माशाच्या काट्यासारखा. निघाला ते बरंच झालं, आता भरून येईल.

आणि एक विचारू? मला "ये, ये" म्हणतेस. तू त्या फाटकाबाहेर शेवटची कधी पडली होतीस? माझ्या लग्नालासुद्धा तू आली नाहीस. नाक बसलंय, लोक बघतात म्हणालीस. मी तुला किती वर्षं बोलावते आहे! आपण दोघी एकाच मातीच्या. फक्त तू तिथे लपलीस, मी इथे.

हे वाचून तुला लागेल. पण काहीतरी लागतंय, हेही आपल्यासाठी चांगलंच नाही का?

तुझी,
शिडी


२९ मार्च

ताईंना नमस्कार.

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, सांभाळून घ्या. तिला कालपासून हुडहुडी भरून ताप आहे. पाय गुडघ्यापर्यंत लाल झालाय असं सूनबाई म्हणते. मला लालबिल दिसलं नाही. मला हल्ली कडेकडेचंच दिसतं, मधलं सगळं धुरकट. मी रोज बघत होतो ताई. खरं म्हणजे मांडीवर पाय घेत होतो आणि पूर्वी जे दिसायचं तेच आहे असं धरून चालत होतो.

मुलगा तिला घेऊन निघाला आहे. हे पत्र त्याच्याच खिशात देतो आहे. त्याला मी एवढंच सांगितलंय की जुन्या ओळखीचा दवाखाना आहे. बाकीचं सांगायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. सूनबाई अवघडलेली, भट्टी चालू, म्हणून मी इथे थांबलोय. जे करावं लागेल ते करा. मला मात्र खरं कळवा.

पाववाला


११ एप्रिल

भावोजी,

खरं कळवा म्हणालात, म्हणून आधी तेच. ती धोक्याबाहेर आहे. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

डॉक्टरांनी फोटो मला दाखवला. पुढच्या पंज्याची हाडं टोक काढलेल्या पेन्सिलींसारखी झाली होती, आणि पू टाचेतून घोट्याच्या हाडात चढला होता. तो काट्यासारखा कपचा तिच्याच हाडाचा होता. पंजा ठेवून फक्त कुजलेलं हाड काढता आलं तर बघू म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस औषधं देऊन वाट पाहिली. ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "पाय घ्या, पण गुडघा ठेवा. मला काउंटरवर उभं राहायचंय." डॉक्टर म्हणाले, गुडघा ठेवतो.

आता मुलाचं. पोचला त्या दिवशी तो माझा पत्ता विचारत चपलांच्या खात्यात आला. आम्ही सगळे कामाला बसलेलो. कुणी रबर कापतंय, कुणी पट्टे शिवतंय. तो दारातच थबकला. चेहऱ्यांकडे नाही, हातांकडे बघत होता. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे. माझे हात, म्हाताऱ्या शिंप्याचे, शेजारच्या बाईचे. मग हळूच म्हणाला, "मावशी, हे सगळे भट्टीत भाजले का?"

मी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते तुम्ही दोघांनी सांगायचं होतं, पण त्याने प्रश्नच असा विचारला की टोलवता येईना. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग चिडला. म्हणाला, "मी काय परका होतो? मी लहानपणी भट्टीला हात लावून बघितला होता, आईसारखं शूर व्हायचं म्हणून. अजून डाग आहे." आणि मला मनगट दाखवलं. मी म्हटलं, "बाबा रे, ज्यांना खरं सांगितलं होतं त्यांनी आम्हाला इथे सोडून पाठ फिरवली. तिला तुझी पाठ बघायची नव्हती."

तो उठून गेला. मला वाटलं, गेला. गाडी पकडून घरी गेला असेल. पण मी वॉर्डात गेले तर तो तिच्या उशाशी बसलेला. तिचा हात दोन्ही हातांत घेऊन बोटं बघत होता. ती ग्लानीत होती, तिला कळलं नाही. आपल्याला नाहीतरी कळत नाहीच.

डॉक्टरांनी त्यालाही तपासलं. काही नाही, ठणठणीत. तिचा रोग तो जन्मण्याआधीच बरा झाला होता, हेही त्याला समजावून दिलं.

तुम्ही स्वतःला बोल लावत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू असेल तर तासाभराचं काम असतं.

तुमची,
बाहुली


६ सप्टेंबर

प्रिय बाहुली,

घरी येऊन तीन महिने झाले आणि पत्र आत्ता लिहिते आहे. कारण सांगते. नात झाली! काळीसावळी, भोकाड पसरणारी. सूनबाईची आई आली होती. मुलाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं तिला. मी आत खोलीत, पाय काढून ठेवलेला, कान दाराला. बाईंचा आवाज चढला, मग पडला. पोरीला घेऊन जाते म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, "आई, तू जा. मी इथेच बरी आहे." बाई गेल्या. अजून आलेल्या नाहीत. सूनबाई कधीकधी खिडकीत उभी राहते, तेव्हा मला कळतं ती कुणाची वाट बघते. त्याचं मला फार वाईट वाटतं.

नवा पाय चांगला आहे. तू केलेला बूट तर इतका मऊ की वाटतं हाच खरा आणि उजवा लाकडाचा. मी रोज तासभर काउंटरला उभी राहते. काही गिऱ्हाइकं तुटली. समोरचा न्हावी मात्र आला, पाव घेतला आणि म्हणाला, "वहिनी, मला वीस वर्षं ठाऊक होतं. माझी आई तशीच होती." वीस वर्षं, बाहुली! मी हात लपवत होते आणि तो बिचारा नजर.

यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हातारी झालीस की!" मी म्हटलं, "तुमच्या दुसऱ्या डोळ्याला विचारा."

आता तुला एक सांगते, आणि हे यांना कधी सांगायचं नाही. यांना दिसत नाही हे मला ठाऊक होतं. पिठात मीठ घातलं त्याच्याही आधीपासून. दुपारी पाय मांडीवर घ्यायचे, डोळे बारीक करायचे, बोट फिरवायचे, नेमकं जखमेच्या शेजारून जायचं आणि म्हणायचे, "स्वच्छ आहे." मी म्हटलं असतं, अहो नीट बघा, तर त्यांना कळलं असतं की आपल्याला दिसत नाही. ते काम त्यांनी सुनेला दिलं असतं. आणि मग दुपारी भट्टी निवल्यावर आम्ही दोघांनी काय करायचं? मला त्यांचा हात पायाला कळत नाही, कधीच कळला नाही. पण मी बघत बसायचे. त्यांचं टक्कल, पिठाने भरलेल्या भुवया. ते दहा मिनिटं माझे असायचे. त्यापायी पाय गेला म्हणशील. म्हण. मलाही ते पटतं, आणि तरी मला पश्चात्ताप पुरता होत नाही.

आता तू ये. नातीला बघायला ये. वॉर्ड पाडला, तुला बांधून ठेवायला भिंतीसुद्धा उरल्या नाहीत. मुलगा न्यायला येतो म्हणतो.

तुझी,
शिडी


२७ नोव्हेंबर

प्रिय शिडी,

सुखरूप पोचले. मुलाने फाटकापर्यंत सोडलं, चहा घेतल्याशिवाय गेला नाही.

तुझ्यासमोर बोलायचं राहिलं ते लिहिते. तिकडे येताना गाडीत मी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून बसले होते. शेजारच्या बाईने बघितलं आणि पिशवी उचलून पुढच्या बाकावर गेली. तुझा मुलगा उठला आणि तिच्या जागेवर येऊन बसला, मला चिकटून. नंतर झोप लागल्याचं सोंग करून माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. चांगलं वाढवलंयस गं त्याला.

तुझी बेकरी मी मनात केवढी मोठी केली होती! प्रत्यक्षात ती आपल्या वॉर्डाच्या निम्मीसुद्धा नाही. पण वास! तोच, भावोजींच्या टोपलीला यायचा तो. मी दारात उभी राहिले आणि मला एकदम आपण दोघी आठवलो, खिडकीच्या गजांना नाक लावून उभ्या. तेव्हा माझं नाक शाबूत होतं. आपल्या वाट्याला किती कमी होतं आणि आपण किती हसायचो, याचं मला तिथे उभं राहून नवल वाटलं. सिस्टर म्हणायची, तुम्हा दोघींना रोगापेक्षा हसण्यावर औषध द्यायला हवं.

तू काउंटरवर ज्या मास्तरीणबाईंना म्हणालीस, "ही माझी मैत्रीण, आम्ही कुष्ठरोगाच्या दवाखान्यात एकत्र होतो," त्या पाव न घेताच गेल्या, ते मी बघितलं. तू बघितलंस आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मोड देत राहिलीस. मला तेव्हा लाज वाटली नाही, हे तुला सांगायचं होतं. कुणी माझ्यामुळे निघून गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, जाऊ दे, त्यांचाच पाव राहिला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. निघायच्या दिवशी तू आत पाय चढवत होतीस. भट्टीतून ट्रे काढायची वेळ झाली आणि सूनबाईने इकडेतिकडे बघितलं, आणि कडेवरचं मूल सरळ माझ्या हातात दिलं. "धरा हं मावशी," म्हणून गेलीसुद्धा. मी किती घाबरले तुला सांगू! माझ्या बोटांत पकड नाही. मी तिला दोन्ही कोपरांत धरलं, छातीशी, आणि मुळी हललेच नाही. एवढ्या वर्षांत मी लहान मूल हातात घेतलं नव्हतं. कुणी दिलंच नव्हतं, आणि मी मागितलं नव्हतं.

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. माझे डोळे मिटत नाहीत, तिचे मिटत नव्हते. मग तिने मूठ उगारली आणि सरळ माझ्या डोळ्यावर. मला काही कळलं नाही. सूनबाई ट्रे टाकून धावत आली, मुलीचा हात धरला आणि स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने माझा डोळा पुसला. मग दुसराही पुसला. इतक्या सहज, जणू माझा चेहरा म्हणजे घरातलंच एक काम. मग थांबली. वाकून बघितलं आणि विचारलं, "मावशी, हे रडणं आहे, की डोळ्यांतून नेहमी येतं ते पाणी?"

मी म्हटलं, "पोरी, मलासुद्धा सांगता येत नाही गं."

तुझी,
बाहुली